सत्तरहजारी मनसबदार

मोगल दरबारात माणसाची किंमत मनसबीवरून ठरे. पंचहजारी सरदार आला की बाकीचे सरकून जागा देत. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असा दरबार रोज सकाळी भरतो आणि तिथली सर्वांत मोठी मनसब ब्रेकरावांकडे आहे. ब्रेकराव सत्तरहजारी आहेत. म्हणजे त्यांच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड सत्तर हजार किलोमीटर चालले. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण ते सांगण्याची गरज नाही. प्रत्येक सोसायटीत एक ब्रेकराव असतोच. तुम्ही तुमचा धरून चाला.

नवी ओळख झाली की लोक गाव विचारतात, नोकरी विचारतात. ब्रेकराव विचारतात, "पॅड किती चालले?" "तीस हजार" असं उत्तर आलं, की समोरच्याचा मुलगा दहावीला तिसऱ्यांदा बसलाय असं कळल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. अंधेरीच्या मेहुण्याचे पॅड पंचवीस हजारांतच संपले, तेव्हापासून मेहुण्याच्या एकूण चारित्र्याबद्दलच त्यांना शंका आहे. मेहुण्याची गाडी ऑटोमॅटिक. ब्रेकवरचा पाय काढला की ती आपली पुढे सरकणार. त्यात ऑफिसच्या वेळेला पश्चिम द्रुतगती महामार्ग. दर दहा फुटांवर थांबायचं म्हटल्यावर पॅड झिजणार नाहीत तर काय, वाढणार? पण गर्दी, घाट, गाडीतलं वजन ही ब्रेकरावांच्या लेखी सगळी निमित्तं. खरं कारण एकच : "पायाला वळण नाही."

त्यांच्या पायाला ते आहे, हे कबूल करायला हवं. कर्वे रस्त्यावर लांबचा सिग्नल लाल दिसला की इथे यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठतो. गाडी चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, आणि सिग्नलपाशी पोचेपर्यंत तो हिरवा झालेला असतो. शास्त्र म्हणून हे चोख आहे. ब्रेक म्हणजे अंगातल्या वेगाची घासून केलेली उष्णता. वेग दुप्पट झाला की ब्रेकला काम चौपट, हेही ते बरोबर सांगतात. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढचे पॅड आधी झिजतात आणि मागच्या ड्रमचे लायनर पुष्कळ जास्त टिकतात, हेही खरं. हे सगळं ऐकवत गाडी वीसच्या वेगाने चाललेली असताना मागचा रिक्षावाला त्यांच्या पूर्वजांची मोठ्याने विचारपूस करत असतो. तिकडे त्यांचं लक्ष नसतं.

या गाडीत ब्रेक कोणी दाबतच नाही, असं मात्र नाही. ते खातं शेजारी बसणाऱ्या वहिनींकडे आहे. समोरून एसटी आली की वहिनींचा उजवा पाय जमिनीत रुततो. पॅड सत्तर हजार टिकले खरे, पण वहिनींच्या पायाखालचं मॅट दोनदा बदलून झालंय.

इथवर ब्रेकराव शास्त्रज्ञ. खंडाळ्याचा घाट लागला की त्यांच्यातला चिक्कू माणूस स्टिअरिंग हातात घेतो. उतार आला, गाडी न्यूट्रल. कारण? "पेट्रोल वाचतं." आजच्या इंजेक्शनच्या गाडीत खरा हिशेब उलटा आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर उतारावर इंजिनला पेट्रोल जाणंच बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते प्यावंच लागतं. शिवाय इंजिनाची पकड सुटल्यावर गाडीचा सगळा भार येतो तो, सिग्नलला जिवापाड जपलेल्या त्याच पॅडवर. पॅड तापतात, पकड सोडू लागतात. वहिनी म्हणतात, "काहीतरी जळतंय हो." हे म्हणतात, "पुढच्या ट्रकचं असेल." ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. पण बदलणं म्हणजे नुसता खर्च, असं ब्रेकरावांचं मत. तसं जुनं ऑइल उतारावर उकळलं तर पेडल सरळ तळाला जातं. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उताराने किती अपघात पाहिलेत, हे पुण्यात कोणाला सांगायला नको. पण "न्यूट्रलमध्ये गाडी चालवू नका" ही पाटी ट्रकवाल्यांसाठी असते, अशी त्यांची समजूत आहे.

मग एक दिवस पुढच्या चाकातून "चीं" ऐकू येतं. बऱ्याच पॅडना एक छोटी पत्री मुद्दाम लावलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून ओरडते. कारखान्याने मालकाला दिलेली ही नोटीसच. ब्रेकराव नोटीस स्वीकारत नाहीत. पावसाळ्यात म्हणतात, "डिस्कला गंज आलाय", उन्हाळ्यात म्हणतात, "धूळ गेलीय." रात्रभर भिजलेली डिस्क सकाळी दोन-चार ब्रेक कुरकुरते, हे खरंच आहे, त्यामुळे त्यांचा युक्तिवाद जून ते सप्टेंबर तरी टिकतो. पुढे ते भीमसेनांचा आवाज वाढवतात.

"चीं"चं "खर्रर्र" झालं तेव्हा गाडी गॅरेजमध्ये गेली. पोराने चाक काढलं, आत पाहिलं आणि विचारलं, "काका, पॅड कुठायत? नुसती पाठीची पत्री राहिलीय." लोखंडाने लोखंड खाल्लं होतं, डिस्कवर खोल चरे. डिस्क एरवी पॅडचे दोन-तीन जोड आरामात पचवते. पण तिलाही कमीत कमी जाडीची मर्यादा असते, ती तिच्यावरच कोरलेली असते आणि नव्या जाडीपेक्षा ती साधारण दोनेक मिलिमीटरच कमी असते. ही तिच्याही खाली गेलेली. लेथवर मारून घ्यायचीही सोय उरली नाही. पॅडचा एक जोड वाचवला आणि त्याहून महाग असा डिस्कचा जोड घालवला. दरबारात आकडा मात्र पॅडचाच सांगितला जातो. डिस्कचं बिल फक्त वहिनींना ठाऊक आहे.

ब्रेकरावांचा पाय घ्यावा, कान घेऊ नये. सिग्नल लांबून ओळखा, घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा आणि बढाई मारायची तर खुशाल किलोमीटरमध्ये मारा. पॅड मात्र मिलिमीटरमध्ये मोजा. नवा असतो तेव्हा त्याचं अस्तर दहा-बारा मिलिमीटर असतं. पुढच्या सर्व्हिसिंगला चाक निघालं की उरलेली जाडी विचारा, आणि मेकॅनिक "तीन" म्हणाला तर वाद न घालता नवे टाकायला सांगा.