खुर्चीत बसून न बोलण्याची कला

अभिनंदन! आपण प्रभाग समितीचे अध्यक्ष झालात. समान मते पडून ईश्वरचिठ्ठीने झाला असाल, तरी कमीपणा मानू नका. 2017 साली मुंबईत प्रभाग क्रमांक 220 चा नगरसेवकच ईश्वरचिठ्ठीने ठरला होता. कारकीर्द मात्र एकाच वर्षाची आहे, तेव्हा पहिले सहा महिने शिकण्यात घालवू नका.

अध्यक्षाने चर्चेत पडू नये, असा संकेत आहे. तो ज्याने घातला त्याच्या प्रभागातून वाकोला नाला वाहत नसावा. आपल्या प्रभागातून वाहतो. मे सरत आलाय, काढलेल्या गाळाचे ढीग काठावरच पडलेत आणि पहिल्या जोरदार सरीला ते पुन्हा नाल्यात उतरणार, हे आपल्याला ठाऊक आहे. अभियंत्यांनाही ठाऊक आहे. तरी सभेत ‘नालेसफाई समाधानकारक’ असा अहवाल वाचला जातोय. साधा सदस्य अशा वेळी उठून टेबल आपटतो. आपण आपटायचे नाही.

आपण सभेआधी शेजारच्या प्रभागातल्या नगरसेवकाला चहा पाजायचा. कालिन्याचा असला तर उत्तम, पाणी त्याच्याकडेही भरते. त्याने हरकतीचा मुद्दा मांडावा. मुद्द्यात हरकत नसली तरी चालते, आजवर कुणी तपासलेली नाही. तो पुरेसा तापला की अगदी नाइलाजाने म्हणावे, “सदस्यांच्या भावना तीव्र आहेत.” या वाक्यात आपले मत कुठेच नाही. पुढे म्हणावे, “प्रशासनाने खुलासा करावा.” खुलासा दुसऱ्या वाक्यापर्यंत पोचला की थांबवावा आणि सांगावे, “या खुलाशाने सभागृहाचे समाधान झालेले नाही.” निम्मे सभागृह मोबाइलमध्ये असेल. असू द्या, त्याचे समाधान झाले नाही हे खरेच आहे. शेवटी निर्देश द्यावेत: सोमवारी सकाळी संयुक्त पाहणी. निर्देश हेही भाषणच असते, फक्त त्याला घंटा वाजत नाही, कारण घंटा आपल्याकडे असते.

शास्त्रशुद्ध मार्ग वेगळा आहे. खुर्ची दुसऱ्या सदस्याकडे सोपवावी, खाली येऊन बोलावे, मग परत जावे. पहिले दोन टप्पे निर्विघ्न पार पडतात. तिसऱ्याच्या आत वर बसलेला गृहस्थ आपल्यालाच “दोन मिनिटांत आटोपा” म्हणतो, आणि विरोधी पक्षाचा निघाला तर सभा तहकूब करून घरी जातो.

बोलणे एवढे लांबते का, हेही समजून घ्या. प्रभाग समित्या आल्या 74 व्या घटनादुरुस्तीने, 1993 नंतर. त्यांना पाच लाखांपर्यंतची कामे मंजूर करण्याचा अधिकार देण्यात आला. पाच लाखांत गटारांची झाकणे येतात, नाला येत नाही. जे मंजूर करता येत नाही, त्यावर बोलावे लागते.

आपण पुढे महापौर झालात तर चैन आहे. 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम 36 समान मते पडल्यास पीठासीन व्यक्तीला दुसरे मत देऊ देते. संकेत बोलू देत नाही आणि कायदा दोनदा हात वर करू देतो! सांताक्रूझ पूर्वेचे विश्वनाथ महाडेश्वर 2017 मध्ये महापौर झाले, ते शिक्षकी पेशातून आलेले. एकाच वेळी बोलणाऱ्या 227 जणांना गप्प करायला बीएडचा अभ्यासक्रम पुरतो की नाही, यावर खरे तर एखादा प्रबंध व्हायला हवा.

आदर्श पीठासीन अधिकारी पाहायचा असेल तर मार्च 2022 नंतरचा काळ अभ्यासा. नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी 2026 मधल्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. प्रस्ताव प्रशासनाचा, मंजुरी प्रशासकाची. एवढ्या काळात एकही सभात्याग नाही, राजदंड जागचा हलला नाही. कुणी कुणाला “खाली बसा” म्हटले नाही. नाला मात्र दर पावसाळ्यात बोलत होता.

आता इतके करूनही एखाद्या सभेत तोल जाईल आणि आपण कंत्राटदाराला मनातला शब्द माइकवरून बोलून बसाल. घाबरू नका. “हे कामकाजातून काढून टाकावे,” असे लगेच, शक्यतो दुसऱ्या कुणाकडे तरी रागाने बघत, म्हणावे. चिटणीस विभागाच्या नजरेतून ते वाक्य तरीही सुटले, तर इतिवृत्त पुढच्या सभेत कायम करायचे असते, आणि त्या सभेचे अध्यक्षही आपणच असता.