धूम्रनेत्र-मीमांसा: पसरलेलं काजळ आणि पसरवलेलं काजळ

मीमांसकांच्या शिस्तीने लिहायचं तर आधी विषय सांगावा, मग संशय, मग पूर्वपक्ष. विषय: संध्याकाळच्या रिसेप्शनला स्टेजवर उभ्या असलेल्या नवरीचे डोळे. संशय: त्या डोळ्यांभोवतीचं काजळ पसरलं आहे, की पसरवलं आहे? पूर्वपक्ष मांडायला पुण्यातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात एक आत्या हजर असतेच.

"अगं, काजळ पसरलंय तुझं. थांब, पुसते." पदराचं टोक जिभेला लावून झालेलं असतं.

"आत्या, हात लावू नकोस! ते तसंच असतं."

"तसंच म्हणजे? रडलीस की काय?"

"स्मोकी आय आहे गं तो."

"तेच म्हणतेय मी. सकाळी होमाचा धूर गेला असणार डोळ्यांत."

आत्याला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. पण तिचं अनुमान न्यायशास्त्राला धरून आहे. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने तर्कसंग्रह लिहिला, तेव्हापासून पाठशाळेतली पोरं एकच डोंगर पाहत आली आहेत: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. दाखला स्वयंपाकघराचा, कारण तिथे धूर आणि अग्नी दोन्ही असतात. उलट दाखला तळ्याचा, कारण तिथे अग्नीही नाही आणि धूरही नाही. आत्याने धूर पाहिला आणि सकाळच्या विवाहहोमापर्यंत पोचली. पायरी एकही चुकली नाही. चुकला तो पक्ष, म्हणजे जिथे धूर पाहिला ती जागा. डोळा हा लक्षणाने तळ्याच्या जातीचा पदार्थ आहे, कायम ओला. आणि तळ्यावरच्या धुरावरून अग्नीपर्यंत पोचणं म्हणजे नैयायिकांच्या लेखी हेत्वाभास, फसवं कारण.

इथे शास्त्रातली आणखी एक बारीक गोष्ट उपयोगी पडते. धूर असेल तिथे अग्नी असतोच. पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं इंधन लागतं. नैयायिक याला उपाधी म्हणतात. लग्नातले गुरुजी याला 'समिधा पावसात भिजल्यात' म्हणतात. लाजाहोमाच्या वेळी नवरा-नवरी, मामा आणि करवल्या सगळेच डोळे पुसत असतात आणि फोटोत ते भावनेच्या भरात असल्यासारखे दिसतात, त्याचं श्रेय या उपाधीला आहे. संध्याकाळच्या धुराचं मात्र सगळंच उलटं. त्याला अग्नी नाही, आणि ओलावा तर त्याचा उघड वैरी. पार्लरवाल्या ताईंची एकच आज्ञा असते: "आता अजिबात रडायचं नाही हं." वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या दिनचर्येत सौवीरांजन रोज आणि रसांजन आठवड्यातून एकदा घालायला सांगितलं आहे, हे दुसरं डोळ्यांतून पाणी वाहून दोष जावेत म्हणून. म्हणजे वाग्भटाचं रसांजन रडवण्यासाठी होतं. ताईंचं अंजन न रडण्याच्या अटीवर टिकतं. दोघांची गाठ पडली असती तर वाद रंगला असता, आणि त्यात निदान एकाच्या तरी डोळ्यांना पाणी आलं असतं.

आता पूर्वीचं काजळ पसरायचं का, हे पाहू. एरंडेलाची पणती दोन वाट्यांच्या मधे ठेवायची, वाट्यांवर तांब्याचं ताम्हन पालथं घालायचं, आणि ज्योत त्याला लागेल न लागेल अशी ठेवून काजळ धरायचं. तासाभराने ताम्हनाच्या पोटाला मखमलीसारखा काळा थर येतो. तो सुरीच्या पाठीने खरवडून त्यात तुपाचे दोन थेंब आणि चिमूटभर भीमसेनी कापूर घातला की झालं काजळ. काजळी स्वतः कुठे जात नाही, तूप जातं. ते शरीराच्या उबेने पातळ होतं आणि उताराला लागतं, जाताना काजळीला बरोबर घेऊन जातं. दुपारच्या जेवणापर्यंत काजळ खालच्या पापणीशी गोळा झालेलं असे. हल्लीच्या पेन्सिलीत मेण असतं आणि उडून जाणारं तेल असतं. तेल उडालं की काजळ जागच्या जागी घट्ट बसतं. थोडक्यात, न पसरणारं काजळ करायला रसायनशास्त्र राबलं आणि ते हाती आल्याबरोबर माणसांनी ते पसरवायला ब्रश विकत घेतला.

हे पसरवणं पाहण्यासारखं असतं. ताई पापणीवर आधी प्रायमर लावतात, नाहीतर सगळा रंग तासाभरात घडीत जाऊन बसेल. मग वरच्या केसांच्या मुळाशी काळी पेन्सिल जाड, वाकडीतिकडी, जवळजवळ बेफिकिरीने फिरवतात. इथून घाई. ते तेल उडायच्या आत छोट्या, दाट ब्रशने रेघेची वरची कड मोडायची. खालची मोडायची नाही. दोन्ही रेघा आधी काढून ठेवल्या तर एक डोळा पूर्ण होईपर्यंत दुसरी रेघ वाळून बसलेली असते, म्हणून जाणत्या ताई एकेका डोळ्याची रेघ काढतात आणि लगेच मोडतात. वर काळी किंवा कोळशाच्या रंगाची आयशॅडो नुसती दाबायची, घासायची नाही. घासली की पावडर गालावर सांडते. या सांडण्याला पार्लरमध्ये फॉलआउट म्हणतात आणि तेवढ्यासाठी डोळे आधी, फाउंडेशन नंतर, असा क्रम आहे. त्यानंतर मऊ, झुपकेदार ब्रश हातात येतो, त्याच्यावर तपकिरी शेड, ब्रश एकदा मनगटावर झटकलेला, आणि काळ्याच्या वरच्या काठावरून तो पुढे-मागे फिरत राहतो. ताईंचं बोलणं चालूच असतं, कॅटररने पनीर किती तेलकट केलंय वगैरे, पण हात त्या काठावरून हलत नाही.

काळ्याला थेट कातडीच्या रंगात का विरघळवत नाहीत? मधे तपकिरीचा मध्यस्थ कशाला? या प्रश्नाचं उत्तर अर्न्स्ट माख या भौतिकशास्त्रज्ञाकडे आहे. 1865 मध्ये त्याने दाखवलं की गडद छटा फिकीत उतरताना उतार जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो, तिथे आपली नजर स्वतःहूनच एक पट्टा रंगवते: गडद टोकाला जास्त गडद, फिक्या टोकाला जास्त फिका. कागदावर पट्टा नसतो, पाहणाऱ्याला मात्र दिसतो. म्हणजे ताईंनी कड कितीही पुसली तरी आत्याची दृष्टी ती पुन्हा काढणार. उतार दोन्ही टोकांना गोलाई देऊन सौम्य केला तरच हा पट्टा मावळतो, आणि ती गोलाई देण्याचं काम ही तपकिरी, म्हणजे ट्रान्झिशन शेड करते. माखचं नाव ताईंनी ऐकलेलं नसतं, त्यामुळे त्यांचं काही अडत नाही.

कड नाहीशी करण्याच्या या खटाटोपाची वंशावळ मोठी आहे आणि तिच्यात एक विलक्षण योगायोग आहे. फिलिप वॉल्टर हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. लूव्रमधल्या प्राचीन इजिप्तच्या प्रसाधनपात्रांतली पूड त्यांच्या चमूने तपासली आणि 1999 मध्ये दाखवलं की त्यात नुसतं दळलेलं शिशाचं खनिज नाही. शिशाचे काही क्षार इजिप्तच्या लोकांनी मुद्दाम, पाण्यात मुरवून तयार केले होते. 2010 मध्ये दुसरा निबंध आला: हे क्षार अगदी अल्प प्रमाणात त्वचेच्या पेशींना नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतात, त्यामुळे डोळ्यांच्या संसर्गापासून थोडं संरक्षण मिळत असावं. (म्हणून कोणी शिशाचा सुरमा घालायला जाऊ नये. शिसं विषच आहे.) हेच वॉल्टर क्ष-किरणांचं यंत्र घेऊन मोनालिसासमोरही गेले होते; तो निबंधही त्याच 2010 चा. लिओनार्दोने गालावरची सावली एकावर एक पातळ थर देऊन धुरासारखी कशी विरवली, हे त्यांना मोजायचं होतं. सगळे थर मिळून जाडी भरली जास्तीत जास्त 40 मायक्रोमीटर. एकाच माणसाने इजिप्तचं काजळ आणि मोनालिसाचा धूर दोन्ही तपासावेत, आणि कोणीही त्याला पार्लरमध्ये नेऊ नये, ही विद्याजगताची उणीव आहे. मोनालिसाला भुवया आणि पापण्यांचे केस दिसत नाहीत, हेही जाता जाता नोंदवतो. स्मोकी आय तिला शोभला नसता, धूर अडायला काही नाही.

सिनेमाचा भाग थोडक्यात. मूकपटांच्या काळातली फिल्म लाल रंगाला आंधळी होती आणि निळ्याला फाजील संवेदनशील, म्हणून निळे डोळे पडद्यावर पांढुरके, मेल्यासारखे दिसत. उपाय म्हणून डोळ्यांभोवती काळं थापणं आलं. 1917 च्या क्लिओपात्रामधली थेडा बारा हा त्याचा कळस. तो चित्रपट आज जवळजवळ संपूर्ण नाहीसा झाला आहे. छायाचित्रं उरली, म्हणजे डोळे उरले.

आता सिद्धान्त. पसरलेलं आणि पसरवलेलं कसं ओळखावं? पहिली कसोटी दिशेची. अपघात खाली जातो, कारण घाम, अश्रू आणि तूप तिन्ही गुरुत्वाकर्षणाचे आज्ञाधारक आहेत. हेतू वर जातो, बाहेरच्या कोपऱ्यातून भुवईच्या शेपटीकडे. खरा धूर वर चढतो तो गरम असल्यामुळे. हा चढतो तो ताईंमुळे. पण चढतात दोघे. यावर आक्षेप असा की स्मोकी आयमध्ये खालच्या पापणीलाही थोडी काळिमा देतातच, आणि आत्याने नेमकी तीच पाहिली. आक्षेप ग्राह्य आहे. म्हणून दुसरी कसोटी सममितीची. अपघात दोन्ही डोळ्यांना सारखा कधीच होत नाही. माणूस एका कुशीवर झोपतो, एकाच हाताने डोळा चोळतो आणि, माझं निरीक्षण विचाराल तर, एका डोळ्याने जरा जास्त रडतो. दोन्हीकडे तंतोतंत सारखं पसरलेलं काजळ दिसलं की तिथे हेतू आहे, आणि बहुधा बिलही आहे.

या कसोट्या कार्यालयात किती वेळ टिकतात, हा वेगळा प्रश्न. माणसाची पापणी मिनिटाला पंधराएक वेळा लवते. चार तासांचं रिसेप्शन म्हणजे 3600 वेळा पापणीची घडी मिटते आणि उघडते, आणि दर वेळी धूर थोडा घडीत शिरतो. त्यात स्टेजवरचे हॅलोजन, भेटायला आलेले लोक, त्यातल्या प्रत्येकाचा 'ओळखलंस का?' हा प्रश्न. साडेनऊच्या सुमाराला आईच्या मैत्रिणी गळ्यात पडल्या की डावा डोळा सममितीतून बाहेर पडतो. तेव्हापासून नवरीचा एक डोळा हेतूचा आणि एक अपघाताचा असतो. फोटोग्राफर म्हणतो, "मॅडम, जरा उजवीकडून घेऊ."

उतरवण्याचं शास्त्र खरं तर सोपं आहे: खोबरेल तेलात भिजवलेला कापूस मिटल्या पापणीवर अर्धं मिनिट ठेवायचा आणि न घासता ओढून घ्यायचा, कारण मेणातला रंग तेलालाच वश होतो, पाण्याला नाही. पण रात्री दीड वाजता, डोक्यातल्या सत्तर पिना काढून झाल्यावर, हे कोणी करत नाही. तोंडावर पाणी मारलं जातं आणि उशी गाठली जाते. सकाळी सत्यनारायण. न्हाऊन आल्यावर पापण्यांच्या मुळाशी उरलेला रंग वाफेने सैल होऊन खाली उतरतो, दोन्ही डोळ्यांना जवळपास सारखा. रंग कालचाच, डोळाही कालचाच, आणि लावणारा हातही ताईंचाच. दिशा अपघाताची, सममिती हेतूची. एक मत असं की हेतू कोणी मागे घेत नाही तोवर चालू राहतो. दुसरं मत असं की कार्यालयाचं बुकिंग संपलं की तोही संपतो. मी दुसऱ्या बाजूचा आहे. सासूबाईंनी अजून पक्ष घेतलेला नव्हता. कलशासमोर बसलेल्या सुनेकडे त्या बराच वेळ पाहत होत्या, मग शेजारी बसलेल्या लेकीला त्यांनी हळूच विचारलं, "काय गं, झोप झाली नाही वाटतं हिची?"

"झाली असेल गं आई. ते कालचं आहे."

"कालचं?" म्हणत सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.