निबंध जबलपूरचा, मी बालाघाटचा

भरवेलीच्या मँगनीज खाणीतल्या पाण्यावरचा माझा शोधनिबंध एका नियतकालिकाकडे धाडला, तेव्हा आमचं कॉलेज जबलपूरच्या राणी दुर्गावती विश्वविद्यालयाला जोडलेलं होतं. परीक्षकांनी तो लोणच्यासारखा मुरवला. छापून येईस्तोवर २०१९ उजाडलं, छिंदवाड्याला नवं विद्यापीठ झालं आणि छिंदवाडा, सिवनी, बैतूल यांच्याबरोबर बालाघाटची कॉलेजंही त्याच्या पदरात पडली. माझं टेबल, पंखा आणि पंख्याची कुरकुर मात्र जागच्या जागी.

"सर, यात जबलपूर कसं?" बडे बाबूंनी निबंधावर बोट ठेवलं. "दुरुस्त करून आणा. नाहीतर बढतीसाठी याचे गुण धरता येणार नाहीत."

जगाची रीत अशी, की काम जिथे झालं तिथलंच नाव निबंधावर राहतं. लेखक मध्येच दुसरीकडे गेला, तर छपाईआधी तळटीपेत 'सध्याचा पत्ता' देतात. छापून झाल्यावर शुद्धिपत्र निघतं ते चुकीसाठी, बदलीसाठी नाही. नवा पत्ता फार तर संशोधकाच्या ओळख क्रमांकावर, म्हणजे ऑर्किडवर (ORCID) टाकावा. तो सोळा आकडी क्रमांक माणसाबरोबर हिंडतो. हिंडणाऱ्यांची सोय झाली. मी तर हललोच नव्हतो!

शेजारच्या काकाजींना याचं काहीच नवल नाही. "अरे, मी शाळेत होतो तं राजधानी नागपूरले होती. छप्पन्नच्या नोव्हेंबरात भोपाळले गेली. मले कोनं इचारलं?"

तसा विद्यापीठाचा हा बदल घरातल्या घरातलाच. छिंदवाड्याच्या विद्यापीठाला पुढे राजा शंकर शाहांचं नाव मिळालं. म्हणजे राणी दुर्गावतींच्याच गढा-मंडला घराण्याचं. शंकर शाहांना इंग्रजांनी १८५७ साली तोफेच्या तोंडी दिलं तेही जबलपुरातच. बाबूंनी कितीही नाक मुरडलं तरी जबलपूर काही सुटत नाही.

शेवटी संपादकांना लिहिलं. उत्तर आलं, "आपण संस्था केव्हा सोडलीत?" कळवलं, सोडलेली नाही. "मग बदल कसला?"

हा सगळा पत्रव्यवहार बाबूंपुढे ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो सावकाश वाचला.

"सोपं आहे, सर. कॉलेज हललेलं नाही, असं विद्यापीठाकडून लिहून आणा."

"कोणत्या?"

"दोन्ही. तीन-तीन प्रतींत."