प्रश्नचिन्हांचे दफ्तर

संगणकास अक्षरओळख नाही, त्यास केवळ अंक ठाऊक. म्हणून आपले कोणतेही वाक्य त्याच्या दफ्तरी दाखल होण्यापूर्वी बाइटांत रूपांतरित व्हावे लागते. ते कोणत्या संकेतानुसार व्हावे, याचा विचार प्रोग्राम लिहिणारा गृहस्थ बहुधा करीत नाही. ‘यंत्राचा जो रिवाज असेल तो’ असे मोघम फर्मान सोडून तो चहास निघून जातो आणि त्याच्या यंत्रावर सुखाने नांदणारा मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर निर्वंश होतो.

१९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की संकेतात अवघी १२८ चिन्हे. त्यांत डॉलरची सोय झाली आणि ‘ळ’ची झाली नाही, याबद्दल माझी तक्रार नाही, केळे, फळा आणि बाळ गंगाधर टिळक यांच्यावाचून त्या मंडळींचे काही अडत नव्हते. तक्रार आहे ती त्याच संकेतात मराठी कोंबणाऱ्यांविषयी. असे करू जाता पायथॉन ही भाषा बाणेदार कारकुनाप्रमाणे काम थांबवून हरकत नोंदविते. जावा मात्र साहेबाची मर्जी राखणाऱ्या कारकुनाच्या अदबीने प्रत्येक चिन्हाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह मांडते आणि कागद पुढे सरकविते. एका कचेरीच्या पत्रावर माझ्या नावाच्या ठिकाणी अशीच प्रश्नचिन्हांची पलटण उभी होती. ‘मी कोण?’ हा वेदान्त्यांना जन्मभर छळणारा प्रश्न इतक्या अल्प टपालखर्चात माझ्यापुढे ठेवल्याबद्दल मी त्या कचेरीचा ऋणी आहे.

यावरील उतारा म्हणजे यूटीएफ-८ हा संकेत. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली न्यू जर्सीतील एका खाणावळीत, ताटाखाली अंथरण्याच्या कागदावर त्याची मांडणी केली. त्यात इंग्रजी अक्षरास एक बाइट, बाळबोध चिन्हास तीन, आणि २०१४ साली युनिकोड या जागतिक चिन्हसूचीत दाखल झालेल्या मोडीस चार! लेखणी न उचलता झरझर लिहिता यावे म्हणून जी दफ्तरांत रूढ झाली, तीच लिपी वजनास सर्वांत भारी ठरावी, हा दैवदुर्विलास पेशवाईतील चिटणिसांना पाहावा लागला नाही हे बरे. ‘मराठी’ या शब्दास यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट लागतात, यूटीएफ-१६ मध्ये १०. परंतु लिहिणारा एक संकेत मानीत असेल आणि वाचणारा दुसरा, तर या काटकसरीची किंमत शून्य.

२०२२ साली जावाने आपल्या १८व्या आवृत्तीत यूटीएफ-८ हाच रिवाज ठरविला. तरी जुन्या आवृत्त्या अद्याप नोकरीत आहेत. तेव्हा प्रोग्रामकर्त्यांस नम्र विनंती, की अक्षरांचे बाइट करताना संकेताचे नाव स्पष्ट लिहावे. चहा पळून जात नाही.