बिनआवाजी खादाड

आमच्या घरात वीजबचतीचं खातं आईकडे आहे. रिकाम्या खोलीत पंखा फिरत असेल, तर तिला दोन खोल्यांपलीकडून कळतं. नऊ वॅटचा बल्ब चालू राहिला, तरी बोलणी हजार वॅटची बसतात. अशा घरात जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर करून तो चोवीस तास चालू ठेवणं हे हिमतीचं काम. हेतू उदात्त होता. आपलेच फोटो ठेवायला परक्या कंपनीला दरमहा भाडं कशाला? फोटो आपले, घर आपलं, डिस्क आपली.

वीज तेवढी विकतची.

बिल फुगलं तेव्हा पहिला संशय मिक्सरवर गेला, कारण आरडाओरडा तोच करतो. दुसरा गीझरवर, कारण त्याचा लाल दिवा दिसतो. कोपऱ्यातल्या सर्व्हरकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. शेवटी मी प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर आणला आणि चौकशी बसवली.

पाचशे वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं बोंबलला, तरी महिन्याला जेमतेम अडीच युनिटं. दोन हजार वॅटचा गीझर रोज अर्धा तास, म्हणजे तीस युनिटं. आणि आमचे मौनी बाबा? सत्तर वॅट फक्त! पण महिन्याचे तास सातशेवीस. गुणाकार केला, तर पन्नास युनिटं. घरातली माणसं वीज आवाजावरून मोजतात, मीटर मात्र घड्याळ बघून मोजतो.

"रात्री सगळे झोपल्यावर हा काय करतो?" आईनं विचारलं.

"वाट बघतो."

"कुणाची?"

कुणी फोटो मागेल याची, हे सांगायचा मला धीर झाला नाही. काम असो-नसो, जुन्या मशीनचा पॉवर सप्लाय, पंखे, गरगरणाऱ्या डिस्का आपला हप्ता घेतच राहतात.

मग स्लॅबचा वाद पेटला. महावितरणच्या घरगुती दरात पहिली शंभर युनिटं स्वस्त, पुढच्या टप्प्याला भाव चढा. वर वहन आकार आणि वीज शुल्क आहेच. मी बाजू मांडली, की सर्व्हर एक तारखेच्या पहाटेपासून राबतो, तेव्हा त्याची युनिटं पहिल्या शंभरात धरावीत. महाग युनिटं संध्याकाळी उगवणाऱ्या एसीच्या नावावर टाकावीत. बायकोनं शांतपणे विचारलं, "या घरात सगळ्यांत शेवटी कोण आलं?" सर्व्हर वरच्या स्लॅबमध्ये गेला. शिवाय त्याने खाल्लेला प्रत्येक वॅट उष्णता होऊन बाहेर पडतो आणि उन्हाळ्यात ती एसीला उपसावी लागते, हा मुद्दा तिला माहीत नव्हता. मीही तो उगाच पुढे आणला नाही.

शेवटी मी शरणागतीचा मसुदा तयार केला. पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय आणायचा. पाच वॅटच्या आसपास खाणार, महिन्याला चार युनिटंही नाहीत. फोटो सांभाळायला तेवढा पुरे. निकाल ऐकून आई खूश होईल असं वाटलं होतं. तिचा चेहरा उतरला.

पुण्याच्या थंडीत विरजण लवकर लागत नाही. सर्व्हरच्या मागून मात्र चोवीस तास ऊन वारा येतो. पातेलं तिथं ठेवायचा शोध तिनं डिसेंबरातच लावला होता, फक्त जाहीर केला नव्हता.

"पाच वॅटवर," तिनं विचारलं, "दही लागेल का रे?"