'चूक सापडली नाही' म्हणणाऱ्या बटणास खुले पत्र

प्रति,
मा. 'चेक' बटण,
फॉर्म्युला एडिटर, क्रिस्टल रिपोर्ट्स

विषय : आपण सढळ हाताने वाटत असलेल्या निर्दोषत्वाच्या दाखल्यांबाबत

महोदय,

स.न.वि.वि.

आपल्याइतका तत्पर अधिकारी कुठल्याच कचेरीत सापडायचा नाही. फॉर्म्युला पुढे ठेवावा, एक टिचकी मारावी, की दाखला हजर : 'नो एरर्स फाउंड'. ना चिरीमिरी, ना 'साहेब जेवायला गेलेत'.

असाच एक दाखला घेऊन आमच्या पतसंस्थेत सभासदांची यादी छापायला घेतली. पूर्ण नाव एकाच रकान्यात होतं. व्यवस्थापकांना ते आडनाव, नाव आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव असं तीन रकान्यांत हवं होतं. मराठी माणसाचं नाव तीन शब्दांचं, यावर कचेरीत कुणाचंच दुमत नव्हतं. तेव्हा 'स्प्लिट' या फंक्शनला सांगण्यात आलं : मोकळी जागा दिसेल तिथे तोड आणि तिसरा तुकडा दे. आपण कंस मोजलेत, स्वल्पविराम पाहिलेत आणि शिक्का मारलात.

पहिलं पान झकास आलं. शेवटच्या पानावर जायला गेलो, तर पडद्यावर : 'अ सबस्क्रिप्ट मस्ट बी बिट्वीन वन अँड द साइझ ऑफ द अ‍ॅरे'. मागितला तिसरा तुकडा, आणि त्या ओळीत तुकडे दोनच! कुणा सभासदाने वडिलांचं नाव लिहिलंच नव्हतं. पहिल्या पानावर याचा पत्ता लागला नाही, कारण आपल्याकडे पानं मागाल तशी मांडली जातात. त्याच फॉर्म्युल्यावर गट पाडले असते, तर सगळ्या नोंदी आधीच वाचाव्या लागल्या असत्या आणि बोंब पहिल्याच पानाआधी झाली असती.

मग कचेरीतले वैद्य जमले. व्हिज्युअल बेसिकमध्ये वाढलेल्या एकाने पहिल्या तुकड्यासाठी शून्य क्रमांक घातला. तिकडे 'स्प्लिट'चे तुकडे शून्यापासून मोजतात, आपल्याकडे एकपासून; त्यामुळे फॉर्म्युला पहिल्याच ओळीत गारद. आपला अभिप्राय : 'नो एरर्स फाउंड'. दुसऱ्याने 'स्प्लिट'ला रजा देऊन 'इनस्ट्र'ने मोकळी जागा शोधली आणि 'लेफ्ट'ने तिच्या डावीकडचा मजकूर मागितला. ज्या ओळीत मोकळी जागाच नव्हती, तिथे 'इनस्ट्र'ने शून्य दिलं, त्यातून एक वजा झाला, आणि 'लेफ्ट'ने उणे एक अक्षरं द्यावीत अशी आज्ञा निघाली. आपला अभिप्राय तोच.

तिसऱ्याने 'यूबाउंड'ने आधी तुकडे मोजले आणि तीन असतील तरच तिसरा उचलला. हा उपाय खरा. पण काही ओळींत नावच नव्हतं, रकाना 'नल'. नेहमीच्या सेटिंगमध्ये फॉर्म्युला 'नल'ला अडखळला की तिथेच थांबतो. चूकही दाखवत नाही, 'एल्स'कडेही वळत नाही, कोरी जागा सोडून पुढे जातो. म्हणून 'इझनल', म्हणजे 'रकाना नल आहे का?', हा प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारावा लागतो. नंतर विचारला, तर न विचारल्यासारखाच. आपण मात्र दोन्ही क्रमांना सारख्याच प्रेमाने दाखला दिलात.

आपल्यावर अन्याय नको. तुकडा न निवडता 'स्प्लिट'च्या तुकड्यांची अख्खी रांगच उत्तर म्हणून ठेवली, तेव्हा आपण खडसावलंत : फॉर्म्युल्याचं उत्तर 'अ‍ॅरे' असू शकत नाही. व्याकरणात आपला हात कोण धरणार! पण केवळ पत्रिका जुळवून संसाराची हमी देणाऱ्या गुरुजींसारखं आपलं वागणं आहे. ओळीत काय भरलंय, हे आपण बघतच नाही.

खरी मजा सगळ्या चुका मिटल्यावर आली. यादी सुरळीत छापून निघाली आणि आडनावाच्या रकान्यात 'सौ.' नावाचं एक मोठं घराणं उदयाला आलं. 'डॉ.' कुटुंबही बरंच विस्तारलेलं निघालं. कुणी आधी स्वतःचं नाव लिहून आडनाव शेवटी टाकलं होतं. त्यांचं आडनाव वडिलांच्या जागी जाऊन बसलं. 'यूबाउंड'ला तीन तुकडे हवे होते, ते मिळाले. आपण खूश, 'यूबाउंड' खूश, आणि पडद्यावर एकही लाल अक्षर नाही. ज्या संदेशाला आम्ही शिव्या घातल्या, त्याने निदान यादी अडवून धरली होती. या वेळी कुणीच अडवलं नाही.

सबब नम्र विनंती की, आपल्या दाखल्याचा मजकूर बदलावा : 'व्याकरण बरोबर आहे, माहिती मी पाहिलेली नाही.' तोवर आम्ही तोडण्याआधी मोजणार आहोत. 'इझनल' विचारून झालं की फक्त 'यूबाउंड'चा आकडा देणारा एक फॉर्म्युला, आणि त्यावर गट : दोन तुकड्यांचे सभासद किती, तीनचे किती, चारचे किती. आणि तीनचा गटही डोळ्यांनी वाचू, कारण 'सौ.' तिथेच लपते. त्या कामाला आपला शिक्का लागत नाही.

कळावे, लोभ असावा. दाखले मात्र थोडे आवरते घ्यावेत.

आपला,
एक अहवालछापा