तबला साथ : संयोजकांतर्फे

(रंगमंचावर सतरंजी. चुंबळीवर तबला-डग्गा, शेजारी हातोडी आणि पावडरचा डबा. कडेला एक खुर्ची, तिच्यावर पितळी घंटा. पन्नाशीतला तबलजी झब्बा सावरत येतो. आई, बाबा, परीक्षक, मुलं ही सगळी पात्रं तोच करतो.)

ओळखलंत? नाही. ओळखणार कसे, तुम्ही सगळे स्टेजवरच्या पोराकडे बघत असता. त्याच्या उजव्या हाताला जो बसलेला असतो, तो मी.

माझा उल्लेख तुमच्या घरात आहे बरं का. मुलांच्या शास्त्रीय गायन स्पर्धेची पत्रिका काढा. वर दीपप्रज्वलन करणारे, मग प्रमुख पाहुणे, मग परीक्षक, मग नियम. आणि अगदी तळाला, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ याच्या वर एक बारीक ओळ असते : ‘तबला व पेटीची साथ संयोजकांतर्फे.’ ते ‘संयोजकांतर्फे’ म्हणजे मी! पेटीवाले म्हणतात, त्यातलं ‘व’ म्हणजे आपण.

संयोजक भला माणूस. सकाळी भेटतानाच खिशातलं पाकीट दाखवतो. (खिसा थोपटत) ‘काका, मानधन तयार आहे हां! आभारप्रदर्शन झालं की लगेच.’ म्हणजे ते पाकीट दिवसभर मला दिसतं. त्याच्या खिशात.

(बसतो. तबला पुढे ओढतो.)

चला. क्रमांक एक. ‘ये बाळा, बस. स्वर कोणता?’

विचारतो मी बाळाला. उत्तर येतं दुसऱ्या रांगेतून.

(आई) ‘काळी चार!’

(बाबा) ‘अगं, सरांनी पाच केलाय परवा.’

(आई) ‘परवा त्याला सर्दी होती!’

(बाबा) ‘म्हणून तर पाच लागला!’

बाळ माझ्याकडे बघतं, मी बाळाकडे. शेवटी पाच ठरतो. मी हातोडी उचलतो. आधी गट्टे खाली ठोकायचे, वादी ताणायची, मग तबला गोल फिरवत गजऱ्यावर एकेक टोला. सोळा घरं. सोळाही घरांनी एकच सूर बोलायला पाहिजे. (ठक ठक करत फिरवतो, कान लावतो) एक घर कायम नाराज असतं. त्याची समजूत काढायची. घाम पुसून मी बाबांकडे बघतो. मिळाला!

(बाबा, शांतपणे) ‘नको, चारच ठेवा.’

त्यात तेरा-चौदाची मुलं आली की बघायलाच नको. गेल्या वर्षीपर्यंत काळी पाचला गाणारा मुलगा, यंदा आवाज फुटलेला. ‘सा’ लावतो, तर एकाच दमात वरचाही लागतो, खालचाही लागतो. अशा वेळी मुलाला वर्षभर खाली, बेतानं गाऊ द्यावं. बाबांचं म्हणणं वेगळं : ‘रेंज वाढलीय त्याची!’

(उठून पुढे येतो.)

आता नियम ऐका. बडा ख्याल, छोटा ख्याल, आलाप, ताना, सगळं मिळून सात मिनिटं. सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, सातव्याला शेवटची. विलंबित एकताल बारा मात्रांचा. लय संथ धरली तर एकेक आवर्तन पाऊण मिनिट खातं. भीमसेनजींचा षड्ज लागून श्रोते मांडी घालून बसेपर्यंत आमच्याकडे बक्षीस वाटून होतं. म्हणून आमच्या स्पर्धेत विलंबितसुद्धा पळतं. पोरगं पहिल्या आवर्तनात राग मांडतं, दुसऱ्यात वाढवतं, तिसऱ्यात आवरतं. आणि मग द्रुत! ताना! एका श्वासात तिन्ही सप्तकं! आणि शेवटी तिहाई. तिहाई झालीच पाहिजे. पालकांना गाणं संपल्याचं तिहाईनंच कळतं.

आणि रागाच्या वेळा! नियमात लिहिलंय, ‘समयानुकूल राग गावा.’ स्पर्धा नऊची. प्रमुख पाहुणे येतात साडेअकराला. क्रमांक सतरा तोडी तयार करून आलेली. सकाळचा राग बिचारीचा. नंबर लागला दुपारी साडेतीनला. तिची आई माझ्याकडे आली. कानाशी वाकून म्हणते :

(आई) ‘काका, तोडीची भीमपलासी होईल का हो? दोन्हीत गंधार कोमलच आहे ना?’

मी म्हटलं, ‘ताई, गंधार तेवढा आहे. बाकीच्यांचं काय करायचं?’

(आई) ‘बाकीचे ती बघेल, हुशार आहे.’

हसू नका. या माऊलीला गंधार कोमल आहे हे माहीत आहे, हे काय कमी आहे? विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते कशासाठी? चार घराण्यांत कोंडलेलं गाणं चारचौघांच्या घरात जावं म्हणून. गेलं की! इतकं गेलं की डोंबिवलीत आमच्या इमारतीत संध्याकाळी सात वाजता सहा मजल्यांवर सहा मुली भूप गातात. लिफ्ट ज्या मजल्यावर थांबेल तिथला आरोह ऐकायचा. तिसऱ्या मजल्यावर मध्यम लागतो. भूपात मध्यम नाही. पण तिसऱ्या मजल्यावर आहे.

त्या मुलीचे बाबा लिफ्टमध्ये भेटतात. ‘काका, प्रारंभिक झाली, प्रवेशिका झाली. दहावीच्या आत कुठपर्यंत जाईल? वाढीव गुण मिळतात ना!’ गणिताचा शिकवणी वर्ग साडेसहाला सुटतो, भूप सातला लागतो. दोन्हीकडे पाढेच. इकडचे सुरात म्हणायचे, एवढंच.

आणि परदेशातले! न्यू जर्सीत मुलगी, पुण्यात गुरुजी, मधे इंटरनेट. इकडे गुरुजी समेवर मान हलवतात, ती मान तिकडे दोन मात्रांनी पोचते. मुलगी सुट्टीत स्पर्धेला आली. माझ्या ठेक्याबरोबर गायली, मुखडा उत्तम धरला. आणि दर समेला दोन मात्रा थांबून मान हलवायची!

(पुन्हा बसतो. आवाज खाली आणून.)

आता तुम्हाला आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. बाहेर बोलायचं नाही.

क्रमांक नऊ. झकपक कुर्ता, त्यावर बंडी, कपाळाला गंध. मधल्या वाटेत बाबा तिपाई लावून व्हिडिओ काढतायत. दुसऱ्या रांगेत आई हातावर त्रिताल देतेय. खालीला हात बाजूला जातो तेव्हा बांगड्या वाजतात. टाळी, टाळी, छन्न, टाळी. पोराची नजर आईच्या हातावर. ओठ त्याचेही हलतायत, तिचेही हलतायत. आवाज कुणाचा येतोय, मला सांगता येत नव्हतं.

पोरगं तयार हो! वहीत लिहून दिलेल्या आठ ताना, आठही पाठ. पाचवी चालली होती, आणि तेवढ्यात आईचा फोन वाजला. तिचा हात पर्सकडे गेला. टाळी गेली. पोरगं बावचळलं. तिहाई एक मात्रा आधी घेतली आणि ठाणकन आलं समेवर. कुठल्या समेवर? त्याच्या! माझी सम अजून एक मात्रा लांब होती.

(थांबतो. प्रेक्षकांकडे बघतो.)

अशा वेळी काय करायचं? ठेका सरळ ठेवला, तर पोराची फजिती. पोरगं नऊ वर्षांचं. म्हणून मी... (गिळल्याचा अभिनय) एक मात्रा गिळली! सोळाची पंधरा केली, आणि त्याच्याबरोबर ‘धा’! धडाम!

टाळ्या! बाबा तिपाईसकट हलले. परीक्षकांनी मान डोलावली. कागदावर काहीतरी लिहिलं, मी तिरक्या नजरेनं वाचलं : ‘तालावर उत्तम पकड.’ पकड होती, पण माझी. पेटीवाले माझ्याकडे बघून गालात हसले. तेही बोलायचे नाहीत. क्रमांक चारला पोरगी चढली होती, तेव्हा त्यांनी सूर गिळला होता.

चहाच्या वेळी बाबा आले. छाती ही एवढी.

(बाबा) ‘काका, कुमार गंधर्व याच वयात गायचे ना हो मैफलीत?’

गायचे की! 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये अकरा-बारा वर्षांचं पोर गायलं आणि भले भले गवई थक्क झाले. थोरामोठ्यांच्या तबकड्या ऐकून त्यांच्यासारखं हुबेहूब गायचं ते. पण साहेब, पुढचं कुणी सांगत नाही. एवढा गाजावाजा झालेलं ते पोर देवधर मास्तरांकडे शिकायला राहिलं. टाळ्या खिशात असताना पुन्हा ‘सा’पासून शिकायला बसलं!

बाबा विचारात पडले. मला वाटलं, लागलं मनाला.

(बाबा) ‘देवधर क्लास अजून आहे का? रविवारची बॅच मिळेल?’

(उठतो. घंटेच्या खुर्चीपाशी जातो.)

क्रमांक तेवीस. शेवटची. संध्याकाळचे सहा. भूप गायला एकदम योग्य वेळ, केवळ उशीर झाल्यामुळे. चौथीतली मुलगी, शाळेच्या युनिफॉर्मसारखा फ्रॉक, दोन वेण्या. बरोबर आजोबा. सकाळपासून भिंतीलगतच्या खुर्चीवर. तोडीच्या वेळी त्यांना झोप लागली, ती भीमपलासीतही उतरली नाही.

मी विचारलं, ‘स्वर कोणता बाळा?’ आणि सवयीनं दुसऱ्या रांगेकडे बघितलं. दुसरी रांग रिकामी. निकालाआधी बटाटेवडा खायला गेलेली.

पोरगी काळी बोलली नाही, पांढरी बोलली नाही. डोळे मिटून नुसता ‘सा’ लावला. (गुणगुणतो) ‘हा.’

मी मिळवून दिला. तिनं थाप ऐकली आणि म्हणाली, ‘काका, तिथलं घर थोडं उतरलंय.’

(डोळे विस्फारून तबल्याकडे बघतो.) तेच नाराज घर!

गायला लागली. वहीतल्या ताना नव्हत्या. असतील, विसरली असेल. गंधारावर आली आणि तिथंच राहिली. तिला तो आवडला असावा. थोडं ‘रे’कडे जाऊन यायची, थोडं ‘प’कडे. प्रत्येक वेळी आल्यावर माझ्याकडे बघायची, ठेका कुठवर आलाय ते कानांनी मोजायची आणि मुखडा घेऊन बरोब्बर समेवर. दिवसभरात पहिल्यांदा मला काही गिळावं लागलं नाही. तीन परीक्षकांपैकी एकांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं रंगले. नाही, शाई संपली होती.

(घंटा वाजवतो.) टण्ण! शेवटची घंटा. पोरगी आवर्तनाच्या मधे. घंटा वाजवणाऱ्या बाईंकडे हात करून म्हणते :

(मुलगी) ‘थांबा ना, अजून सम यायचीय!’

आणि गात गात, घाई न करता, आली समेवर. मग नमस्कार केला, सगळ्यांना. आधी तबल्याला.

निकाल. परीक्षकांचं मनोगत चाळीस मिनिटं. स्पर्धकाला सात, परीक्षकाला घंटा नाही. गुरूचं नाव घेतलं की हात कानाच्या पाळीला. इतक्या गुरूंची नावं घेतली की माईक धरायला हातच उरेना. शेवटी : ‘आजची पिढी ऐकत नाही. श्रवण नाही!’ हे सांगत होते तेव्हा त्यांचा स्वतःचा मोबाइल वाजत होता, आणि त्यांनी तो ऐकला नाही.

प्रथम क्रमांक : नऊ! तेवीस? वेळमर्यादेचा भंग, दोन गुण वजा. शेरा : ‘तयारी कमी.’

हॉल रिकामा व्हायला लागला. संयोजक पाकीट हातात घेऊन माझ्याकडे येतोय. बरोबर तिन्ही परीक्षक, मागे क्रमांक नऊ करंडक घेऊन, आई, बाबा, तिपाई. मी हात पुढे केला. तेवढ्यात झब्बा कुणीतरी ओढला. दोन वेण्या.

(मुलगी, खणखणीत आवाजात) ‘काका! नऊ नंबरच्या वेळी शेवटच्या आवर्तनात पंधराच मात्रा होत्या ना?’

(स्तब्ध. डावीकडे बघतो. उजवीकडे बघतो.)

परीक्षक तीन. त्यांतले दोन ‘अलंकार’ परीक्षा झालेले. हॉलभर पालक, पन्नास मोबाइल, व्हिडिओ, तिपाई. कुणाच्याही कानाला लागलं नाही. आणि हिनं विंगेत बसून, आपला नंबर यायच्या कितीतरी आधी, दुसऱ्याचं गाणं मोजून ऐकलं!

मी खाली वाकलो. म्हटलं, ‘बाळा, गाणं सोडू नकोस. तुझा गळा राहू दे, तुझा कान लाखात एक आहे.’

(मुलगी, आणखी मोठ्यानं) ‘पण पंधराच होत्या ना?’

(घाईघाईनं, दबक्या आवाजात, एक हात पाकिटाच्या दिशेनं तसाच लांब ठेवून) ‘होत्या गं बाई, पंधराच होत्या! पण हळू बोल. पाकीट अजून त्यांच्याच हातात आहे!’

(अंधार.)